यादीत नसलेला थांबा

सतरा सप्टेंबर होऊन आठ दिवस झाले होते. समारंभाच्या दिवशी स्मारक दिसत नाही, स्मारकापुढची माणसं दिसतात. म्हणून आम्ही मुद्दाम उशिरा निघालो. सकाळी सहाला नांदेडहून गाडी सुटली. गाडीत मी, माझा भाचा, गाडी चालवणारा त्याचा शाळासोबती आणि पुढच्या सीटवर इतिहासाचे निवृत्त मास्तर. अर्धं नांदेड त्यांना नुसतं गुरुजी म्हणतं. गुरुजींच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत वही, आणि वहीत थांब्यांची यादी: उमरी, अर्जापूर, देगलूरला चहा, उदगीर, लातूर मुक्काम.

कल्पना भाच्याची. तो म्युनिकला नोकरी करतो. गेल्या उन्हाळ्यात त्याची आई, म्हणजे माझी ताई, तिकडे जाऊन आली. त्याने तिला राजवाडे दाखवले, आल्प्स दाखवला आणि एक दिवस दाखाउला नेलं. ताईने आयुष्यात पंढरपूर-तुळजापूर सोडून फारसा प्रवास केलेला नाही. परत आल्यावर आल्प्सबद्दल ती दोन वाक्यं बोलली आणि दाखाउबद्दल दोन महिने.

दाखाउ म्युनिकला लागूनच आहे, लोकलने जाता येतं. मार्च १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, नाझींनी तिथे छळछावणी उघडली. बारा वर्षांत दोन लाखांवर कैदी तिथे डांबले गेले आणि किमान ४१,५०० मेले. २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्याने ती मोकळी केली. १९६५ पासून तिथे स्मारक आहे. गट घेऊन फिरवणारे वाटाडे स्मारकाच्या लोकांनीच शिकवून तयार केलेले असतात, कोणीही उठून माणसं गोळा करून आत सांगत सुटू शकत नाही. बव्हेरिया राज्यात शाळेच्या पोरांना अशा एखाद्या छावणीला नेणं हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. ताई गेली त्या दिवशीही शाळेची पोरं होतीच. तिला एक कोडं पडलं, ते अजून सुटलेलं नाही: आपल्याच आज्या-पणज्यांनी केलेलं पाप नातवंडांना दाखवायला सरकार पदरचे पैसे का घालतं? ‘आपण तर झाकून ठेवलं असतं,’ ती म्हणाली.

भाच्याला लागलेली गोष्ट वेगळी. छावणी सुटली त्या दिवशी अमेरिकन सैनिकांना बाहेर रेल्वेच्या डब्यांत प्रेतांच्या राशी दिसल्या, त्यांचं डोकं फिरलं आणि शरण आलेल्या काही पहारेकऱ्यांना त्यांनी तिथेच गोळ्या घातल्या. पुढे लष्करी चौकशी झाली आणि ती तशीच गुंडाळली गेली. वाटाड्या बाईने हेही सांगितलं, आवाज न बदलता. गटातल्या कोणीतरी कुरकुर केली की त्या राक्षसांचं कशाला सांगता. बाई एवढंच म्हणाली, की त्या दिवशी इथे तेही घडलं.

‘मामा, आपल्याकडं असं एका दिवसात फिरवायचं म्हटलं तर कुठं कुठं न्यायचं?’ भाच्याने फोनवर विचारलं, त्यातून ही ट्रिप निघाली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले ते एका सरकारने कागदावर योजना आखून, रेल्वेची वेळापत्रकं लावून, कारखाना चालवावा तसे मारले. मराठवाड्यात जे झालं ते त्या जातीचं नव्हतं. तराजू घेऊन आम्ही निघालो नव्हतो. भाच्याचा प्रश्न साधा होता: मेलेल्यांची आठवण कुठे, कशी ठेवली आहे, आणि कोणाची ठेवलेली नाही.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला तेव्हा आम्ही झालो नाही. आमचे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात. आमच्या आजीच्या बोलण्यात ही सगळी ‘मोगलाई’, आणि सोलापूर-बार्शीकडचा मुलूख म्हणजे ‘इंग्रजी’. ‘रझाकारात आम्ही इंग्रजीत पळून गेलो’ असं ती म्हणायची, आणि लहानपणी मला वाटायचं की आजीला इंग्रजी येतं. रझाकार या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक. इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचं ते हत्यारबंद दल. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. संस्थान भारतात जाऊ नये म्हणून या दलाने १९४७-४८ मध्ये जो धिंगाणा घातला, त्याची धग खेडोपाडी बसली. गावं लुटली, जाळली, माणसं मारली. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हात टेकले. सरकारी कागदांत त्या मोहिमेचं नाव ऑपरेशन पोलो. आमच्याकडे आजही कोणी तसं म्हणत नाही. आमच्याकडे ती ‘पोलीस ॲक्शन’. म्हाताऱ्यांची वयं त्यावरून मोजतात: पोलीस ॲक्शनात मी रांगत होतो, पोलीस ॲक्शनात माझं लगीन झालतं.

उमरीला पोचलो तेव्हा स्टेशनसमोरच्या हॉटेलात सुशीला चढली होती. आमच्याकडे पोह्यांपेक्षा सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी. ती खात खात गुरुजींनी ३० जानेवारी १९४८ चा दिवस सांगितला. उमरी हे कापसाचं आणि रेल्वेचं गाव, म्हणून तिथे पैसा. सरहद्दीपलीकडच्या छावणीतून आलेल्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली आणि सुमारे वीस लाख रुपये उचलले. त्या वेळचे वीस लाख! त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या गेल्या. गांधींचं नाव घेणारी माणसं हातात बंदूक धरून बँकेतून बाहेर पडतात आणि त्याच दिवशी गांधी जातात, हे कादंबरीत लिहिलं तर संपादक खोडून टाकेल.

उमरीबद्दल मराठवाड्यात सगळ्यात अभिमानाने काय सांगतात? शौर्य नाही, हिशेब. लुटीच्या त्या पैशांचा पै-पैचा हिशेब पुढे दिला गेला. गुरुजी हे सांगताना बशी खाली ठेवून सरसावून बसले. मला वाटतं आमच्या भागाचा स्वभाव या एका गोष्टीत आहे. आम्हाला हिशेब चोख लागतो. निदान पैशांचा तरी.

उमरीहून बिलोलीच्या दिशेने अर्जापूर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, मधल्या ओळींत तूर हिरवीगार. अर्जापूरचं नाव गोविंदराव पानसऱ्यांमुळे. मूळचे बदनापूरचे, नांदेड भागात स्टेट काँग्रेसचं काम करणारे. स्टेट काँग्रेसवरची बंदी जुलै १९४६ मध्ये उठली, कार्यकर्ते उघडपणे फिरू लागले, आणि २९ ऑक्टोबरला अर्जापूरजवळ पानसऱ्यांना वाटेत गाठून मारलं. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामातले पहिले हुतात्मे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. अर्जापुरात त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. फाटकाशी बॅगा लावून उभ्या असलेल्या दोन मुलींना भाच्याने विचारलं, पानसरे कोण होते. एकीने सांगितलं, ‘हुतात्मे.’ कशाने मेले? ती मैत्रिणीकडे बघून हसली. दाखाउच्या पोरांना विचारलं असतं तर काय फार वेगळं उत्तर आलं असतं, कोण जाणे. वीस वर्षांच्या पोरीने कॉलेजच्या फाटकात उभं राहून ऐंशी वर्षांपूर्वीच्या खुनाचा विचार करावा ही अपेक्षाच चूक. पण नाव तिच्या तोंडात आहे. हुतात्म्याच्या नावाने कॉलेज काढायचं ते एवढ्यासाठीच.

त्यानंतरच्या गावाचं नाव लिहीत नाही. तिथे हुतात्मा स्मारक आहे, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला राज्यभर एकाच धाटणीची दोनशेच्या वर स्मारकं बांधली गेली त्यांपैकी. कुलूप होतं. चावी शिपायाकडे, शिपाई लग्नाला. कठड्यावरून आत उतरलो. स्तंभाच्या तळाशी सतरा तारखेचे हार, त्यांवर मुंग्या. संगमरवराच्या पाटीवर नावं कोरलेली, अक्षरांत काळा रंग भरलेला. कोणीतरी समारंभाआधी हा रंग नव्याने भरला होता आणि घाईत एका नावाचा काना तेवढा राहून गेला होता. भाच्याने खिशातलं पेन काढून तो काना भरायचा प्रयत्न केला. गुळगुळीत दगडावर पेनाची शाई धरेना. मग त्याने नुसती नावं मोठ्याने वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दाखाउला असं वाचतात का, मी विचारलं नाही.

असली गावं आमच्याकडे पुष्कळ आहेत. कंधार तालुक्यातलं कल्हाळी, जिथे अप्पासाहेब नाईकांच्या गढीवर झुंज झाली. आता कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात असलेलं गोरटा, जिथे मे १९४८ मध्ये दोनशेच्या आसपास माणसं मारली गेली असं सांगतात. गोरट्याला २०२३ च्या मार्चमध्ये मोठं स्मारक झालं, १०३ फुटी झेंडा आणि सरदार पटेलांचा पुतळा. देशाचे गृहमंत्री स्वतः उद्घाटनाला आले. तिथे अनेक वर्षं धड खूण नव्हती हे खरं, आणि ती व्हायलाच हवी होती. गोरटा ज्यांना ठाऊक नाही त्यांनी रझाकारांबद्दल समजूतदारपणे बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अलीकडे एक टूम निघाली आहे की रझाकारी म्हणजे नुसती जमीनदार-कुळांची भानगड होती. ज्याच्या घरावर रॉकेल ओतलं गेलं त्याला ती भानगड वाटली नव्हती.

देगलूरला चहा घेताना गुरुजींनी वहीत नसलेलं एक नाव काढलं: शोएबुल्ला खान. हैदराबादेत ‘इमरोज’ नावाचं उर्दू दैनिक काढणारा तरुण संपादक. संस्थानाने भारतात यावं, असं लिहायचा. २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री, पोलीस ॲक्शनला तीन आठवडे असताना, रझाकारांनी त्याला गाठून मारलं. ज्या हाताने लिहायचा तो हातही तोडला. ‘हे नाव आमच्या पुस्तकात एका ओळीत येतं,’ गुरुजी म्हणाले, ‘मी वर्गात अख्खा तास घ्यायचो. पोरांना वाटतं सगळे मुसलमान एकीकडं आणि सगळे हिंदू एकीकडं. तसं कुठं असतंय?’

उदगीर पूर्वी बीदर जिल्ह्यात होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते इकडे आलं. किल्ला, १७६० ची लढाई, २०२२ चं साहित्य संमेलन, हे सगळं असूनही उदगीर मला कायम सरहद्दीचं गाव वाटतं: अर्ध्या पाट्या मराठी, मधूनच उर्दू, आणि बाजारात कन्नडही कानावर पडतं. दुपारची नमाज सुटत होती. गुरुजींच्या ओळखीतले एक वृद्ध गृहस्थ ओट्यावर बसले होते, त्यांच्या शेजारी जाऊन टेकलो. वय विचारलं. ‘पुलिस ॲक्शनला मी सात-आठ वर्सांचा.’ गुरुजींनी हळूच विचारलं, त्या वेळचं काही आठवतं का. म्हातारबाबांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. भाच्याच्या हातातल्या फोनवर त्यांची नजर थांबली.

‘लिहून काय करायलात?’

भाच्याने फोन खिशात टाकला. बाबांनी नातवाला हाक मारून आमच्यासाठी पाणी मागवलं, पावसाचं विचारलं, सोयाबीनच्या भावाचं विचारलं. आम्ही उठलो तेव्हा म्हणाले, ‘विहिरीचं पाणी आम्ही लई वर्सं प्यालो नाही.’ कुठल्या विहिरीचं, का, ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग भाचा म्हणाला, ‘गुरुजी, विहिरीचं काय?’

उत्तर गुरुजींच्या वहीत शेवटच्या पानांवर होतं. पोलीस ॲक्शन संपली ती १७ सप्टेंबरला. पण मारणं संपलं नाही, फक्त मारणारे आणि मरणारे बदलले. रझाकार पळाले किंवा पकडले गेले, आणि त्यांच्या पापाचा बदला त्यांच्या धर्माच्या सापडेल त्या माणसावर निघाला: विणकर, हमाल, शेतमजूर, दुकानदार. नेहरूंच्या कानावर बातम्या गेल्या, तेव्हा सरकारने एक शिष्टमंडळ पाठवलं. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते संस्थानातल्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. त्यांनी अंदाज दिला की कारवाईत आणि तिच्यानंतर मिळून २७ ते ४० हजार माणसं मेली. सगळ्यात जास्त झळ चार जिल्ह्यांना: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. या चारांत मिळून किमान १८ हजार. आजचा लातूर जिल्हा १९८२ साली झाला. तेव्हाचं लातूर उस्मानाबादेत आणि उदगीर बीदरमध्ये. म्हणजे आम्ही सकाळपासून जे फिरत होतो ते सगळं या चारांतलंच.

हे आकडे वादाचे आहेत. अहवाल सरदार पटेलांना मान्य नव्हता, तो छापला गेला नाही आणि अनेक वर्षं दाबून राहिला. २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांना पाहायला मिळू लागला. तीन माणसांनी तीन-सव्वातीन आठवड्यांत केलेला अंदाज म्हणजे खानेसुमारी नव्हे, हे मान्य. पण वाचल्यावर तो एकतर्फी वाटत नाही. रझाकारांचे अत्याचार तो नाकारत नाही. सैन्यातल्या काहींवर तो ठपका ठेवतो, पण मोहिमेचं नेतृत्व करणाऱ्या जनरल चौधरींच्या मनात धर्माचा आकस नव्हता हेही लिहितो. हिंदूंनी आपला जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याचे प्रसंग तो आवर्जून नोंदवतो. आणि विहिरींबद्दलही लिहितो. एका विहिरीत त्या लोकांनी अकरा प्रेतं मोजली, त्यांत तान्ह्या लेकरासकट एक बाई होती.

लातूरला पोचेपर्यंत अंधार पडला. गंजगोलाईत दिवे लागले होते. मध्ये गोल इमारत, जगदंबेचं देऊळ, आणि तिथून सोळा रस्ते फुटतात. एका रस्त्यावर सोनं, एकावर कापड, एकावर भांडी, एकावर गूळ. घटस्थापनेचे दिवस, त्यामुळे पाय ठेवायला जागा नाही. इथे उभं राहून गुरुजींनी वही उघडली नाही, पाठ होतं तेच सांगितलं. सुंदरलाल लातूरला आले होते. रझवीचं गाव म्हणून लातूरवर राग जास्त. हे मोठ्या व्यापाराचं ठिकाण होतं, श्रीमंत कच्छी मुसलमान व्यापारी इथे होते. अहवाल म्हणतो की इथे मारणं वीस दिवसांहून अधिक चाललं. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्ती होती, त्यांतले जेमतेम तीन हजार शिष्टमंडळाला दिसले. हजारावर मारले गेले, बाकीचे अंगावरच्या कपड्यांनिशी पळाले. खुद्द रझवी? तो पकडला गेला, शिक्षा भोगली, पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत मेला. ज्याच्यावर राग होता तो आणखी बावीस वर्षं जगला.

‘आणि याचा थांबा कुठाय?’ भाच्याने विचारलं.

गुरुजींनी गोलाईभोवती नजर फिरवली. भांड्यांच्या दुकानासमोर एक बाई तांब्याचा कलश वाजवून बघत होती. थांबा नाही. ना पाटी, ना दगड. जर्मनीत आणि आसपासच्या देशांत एका कलाकाराने एक नाद धरला आहे: ज्या घरातून माणूस ओढून नेला त्या घरासमोरच्या फरसबंदीत दहा सेंटिमीटर बाजूचा, वर पितळी पत्रा असलेला ठोकळा बसवायचा, त्यावर नाव, जन्मसाल आणि काय झालं ते. असे लाखावर ठोकळे बसले आहेत. भाचा म्हणाला, इथे बसवायचे तर नावंच नाहीत.

इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी. दिवसभर मी ती टाळत होतो.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. घरात एक पानदान होतं, पितळी, झाकणावर बारीक वेलबुट्टी, आत चार कप्पे. आजी त्यात सुपारी आणि चुन्याची डबी ठेवायची. दिवाळीला घरातली सगळी भांडी चिंचेने लखलखीत व्हायची, त्या पानदानाचं झाकण मात्र आजी कधी घासू द्यायची नाही. त्यामुळे ते कायम काळपट. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. झाकणाच्या आतल्या बाजूला कोरलेल्या रेघोट्या मला दिसल्या. विचारलं, हे कुठलं? आजी म्हणाली, ‘ते पोलीस ॲक्शनात आलं.’

आलं. पाऊस येतो, पाहुणा येतो, तसं ते आलं. कोणी आणलं नाही, कोणाच्या घरातून गेलं नाही. मराठीची ही सोय केवढी मोठी आहे ते मला पन्नाशीनंतर कळलं.

त्या रेघोट्या उर्दू अक्षरं होती. आता यातली खरी गोम बघा. माझे आजोबा निजामाच्या शाळेत उर्दूतून सातवीपर्यंत शिकलेले. म्हातारपणीही सातबाऱ्याचा जुना उर्दू उतारा गावकरी त्यांच्याकडूनच वाचून घ्यायचे. म्हणजे रोज जेवणानंतर ज्या डब्यातून सुपारी घ्यायचे, त्याच्या झाकणावरचं नाव त्यांना वाचता येत होतं. गावात तेव्हा एकच मुसलमान दुकानदार कुटुंब होतं असं ऐकून आहे. ते कुठे गेलं याचा विषय घरात कधी निघाला नाही. आजोबा रझाकारांच्या भीतीने चार महिने बार्शीकडे रानात झोपलेले, त्यांचा सख्खा चुलतभाऊ त्या दिवसांत मारला गेलेला. हे दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत खरं आहे, आणि एक सांगितलं म्हणून दुसरं पुसलं जात नाही. चुलत आजोबांचं नाव पाटीवर आहे. झाकणावरचं नाव कुठेच नाही.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. औसा-उमरग्याकडची ५२ गावं जमीनदोस्त झाली, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमचं दगड-मातीचं माळवदाचं घर खाली आलं. आजी त्यात गेली. ढिगारा उपसताना जे मोजकं निघालं त्यात ते पानदान होतं, एका बाजूने चेपलेलं. किल्लारीला स्मृतिस्तंभ आहे. दरवर्षी ३० तारखेला तिथे फुलं वाहतात, पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात. मी अनेकदा गेलो आहे. तिथे कोणी विचारत नाही की मेलेला कोणत्या आळीतला. माळवद सगळ्यांवर सारखंच पडलं. भूकंपाला गुन्हेगार नव्हता म्हणून आम्हाला एकत्र रडता आलं.

लातुरात मुक्काम झाला. सकाळी मी पिशवीतून पानदान काढलं. नांदेडहून निघताना बरोबर घेतलं होतं, कोणाला बोललो नव्हतो. गुरुजींना उर्दू येत नाही, आमच्या पिढीत कोणालाच येत नाही. गोलाईच्या मागच्या गल्लीत एक जुने घड्याळजी बसतात, त्यांच्यापुढे झाकण ठेवलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, बोटाला थुंकी लावून अक्षरं पुसली, पुन्हा भिंग लावलं. मग नाव वाचलं. बाईचं होतं. खाली एक शब्द, तो वाचून म्हणाले, ‘ही शादीची चीज आहे. पोरीला माहेरनं दिलेली.’ पैसे घेतले नाहीत.

भाचा म्हणाला, नाव लिही. मी इथे लिहीत नाही, कारण नाव छापलं की कोणीही येऊन म्हणेल आमचंच. पण वस्तू माझ्याकडे आहे. पितळी, चार कप्प्यांचं, उजव्या बाजूला चेपलेलं, औसा तालुक्यातल्या एका गावचं. त्या भागातून १९४८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यांचे वाडवडील निघून गेले, मग ते आज लातुरात असोत, हैदराबादेत असोत की कराचीत, त्यांच्यापैकी कोणाच्या आजी-पणजीच्या लग्नातलं असं पानदान हरवल्याचं घरात बोललं जात असेल, तर त्यांनी या अंकाच्या पत्त्यावर दोन ओळी लिहाव्यात आणि तिचं नाव कळवावं. जुळलं तर मी स्वतः आणून देईन.